दारी आलेला परराज्यातला प्रचारक

जानेवारी २००४ च्या पहिल्या पंधरवड्यात अमेरिकेच्या आयोवा राज्यात गावोगावी नारिंगी रंगाच्या लोकरी टोप्या दिसू लागल्या. बाहेर हाडे गोठवणारी थंडी, रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, आणि त्यातून वाट काढत, हातात मतदारांच्या याद्या घेऊन घरोघर फिरणारी ही माणसे आयोवाची नव्हती. कोणी टेक्सासहून आलेला, कोणी कॅलिफोर्नियाहून, कोणी न्यूयॉर्कहून. बहुतेक जण स्वखर्चाने. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांना डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळावी यासाठी सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक या छोट्या राज्यात उतरवण्याचा घाट घालण्यात आला होता. मोहिमेचे नावच 'परफेक्ट स्टॉर्म', म्हणजे सर्व बाजूंनी एकाच वेळी घोंगावत येणारे वादळ. १९ जानेवारीच्या रात्री निकाल लागला, तेव्हा जॉन केरी यांना ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स यांना ३२ टक्के आणि डीन यांना अवघे १८ टक्के पाठबळ मिळाले होते. महिन्याभरापूर्वी आघाडीवर मानला जाणारा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला. त्या मोहिमेतून तो पुन्हा सावरला नाही.

या पराभवानंतर अमेरिकेतील प्रचारतज्ज्ञांना एक प्रश्न सतावू लागला आणि तो आजही पुरता सुटलेला नाही. परराज्यातून माणसे गोळा करणे आता सोपे झाले आहे; पण त्यांना नेमके कोणते काम द्यायचे?

मुळात शेजारच्या किंवा दूरच्या राज्यातून माणसे आणावीच का लागतात, याचे उत्तर अमेरिकेच्या निवडणूक पद्धतीत आहे. अध्यक्षाची निवड देशभरच्या एकूण मतांवर होत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक प्रतिनिधी मते असतात. त्यांची एकूण संख्या ५३८ असून जिंकण्यासाठी २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळली, तर राज्यात एका मताने पुढे असलेला उमेदवारही त्या राज्याची सगळी प्रतिनिधी मते घेऊन जातो. परिणामी ज्या राज्याचा कौल आधीच ठरलेला आहे, तेथे प्रचार करण्यात कोणालाच रस नसतो. २०२० मध्ये ज्यो बायडेन यांनी कॅलिफोर्नियात पन्नास लाखांहून अधिक मतांची आघाडी घेतली. तेथे आणखी लाखभर मते मिळाली असती, तरी अंतिम निकालात तसूभरही फरक पडला नसता. त्याच वर्षी विस्कॉन्सिनमधील फरक होता २०,६८२ मतांचा, जॉर्जियातील ११,७७९ आणि ॲरिझोनातील १०,४५७. २००० साली तर फ्लोरिडातील ५३७ मतांनी जॉर्ज बुश यांना अध्यक्षपदी बसवले.

ही विषमता केवळ एका पक्षाला बोचते असे नाही. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना सर्वाधिक मते कोणत्या राज्यात पडली, असे विचारले तर बहुतेक जण टेक्सासचे नाव घेतील. प्रत्यक्षात ती कॅलिफोर्नियात पडली, साठ लाखांहून अधिक. आणि त्यांतून एकही प्रतिनिधी मत त्यांच्या पदरात पडले नाही. अशा राज्यात राहणाऱ्या, राजकारणाची तळमळ असलेल्या माणसाने करावे काय? आपले मत निरुपयोगी, पण आपले पाय आणि आपला शनिवार उपयोगी पडू शकतो, असे त्याला सांगणारा कोणीतरी भेटतो. परराज्यातील स्वयंसेवकांची भरती येथून सुरू होते.

म्हणूनच सुरक्षित राज्यांतील प्रचार कार्यालयांचे काम वेगळ्याच प्रकारचे असते. तेथे मते मिळवायची नसतात. माणसे निर्यात करायची असतात. कॅलिफोर्नियातून नेवाडा आणि ॲरिझोनाकडे, मॅसेच्युसेट्समधून न्यू हॅम्पशायरकडे, न्यूयॉर्क-न्यू जर्सीतून पेनसिल्व्हेनियाकडे, शिकागोतून विस्कॉन्सिनकडे असे ठरलेले मार्ग आहेत. या कामात मुरलेला संघटक समोरच्याला 'मदत कराल का?' असे कधी विचारत नाही. या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात आणि नंतर कोणी फिरकत नाही. तो विचारतो, 'येत्या शनिवारी येता की त्यापुढच्या?' तारीख ठरली की नाव नोंदवायचे, चार दिवस आधी फोन करायचा, आदल्या संध्याकाळी पुन्हा करायचा, कोणाच्या गाडीत कोण बसणार ते जुळवून द्यायचे. एवढे करूनही होकार दिलेल्यांपैकी बरेच जण येत नाहीत, हे गृहीत धरून जास्त नावे लिहून घ्यायची. मुंबई-पुण्यात गणेशोत्सवाच्या मंडळासाठी माणसे जमवलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही.

सीमेपलीकडे गाडी पोहोचते ती बहुधा पक्षाच्या एखाद्या स्थानिक समर्थकाच्या घरी. त्याच्या गॅरेजमध्ये किंवा बैठकीच्या खोलीत टेबल मांडलेले असते. कॉफी, डोनट, पत्रकांचे गठ्ठे. पंधरावीस मिनिटांचे शिक्षण होते. कोणत्या दारावर टकटक करायची, पहिले वाक्य कोणते, उत्तर कसे नोंदवायचे. प्रत्येक जोडीला काही डझन घरांची यादी मिळते. पूर्वी ती छापील असे, आता भ्रमणध्वनीवरच उमटते. मतदाराशी बोलणे झाले की त्याला एक ते पाच असा क्रमांक द्यायचा. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधी. या क्रमांकांतूनच शेवटच्या दिवशी कोणाला मतदान केंद्रापर्यंत आणायचे आणि कोणाची झोपमोड करायची नाही, हे ठरते. बहुतेक दारे उघडतच नाहीत. मग पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचे. दारासमोरच्या टपालपेटीत मात्र टाकायचे नाही, कारण बिनतिकिटाचा कागद त्या पेटीत टाकणे संघीय कायद्याने निषिद्ध आहे. नवख्या माणसाला ही गोष्ट आवर्जून सांगावी लागते.

कायद्याने अशा स्वयंसेवेला बरीच मोकळीक दिली आहे. बिनपगारी काम करणाऱ्याचा वेळ ही देणगी मानली जात नाही. प्रवासासाठी स्वतःच्या खिशातून एका उमेदवाराकरिता एका निवडणुकीत एक हजार डॉलरपर्यंत केलेला खर्चही देणगीत धरला जात नाही. मुक्कामातील स्वतःच्या जेवणाखाण्याचा खर्च तर नाहीच नाही. आपल्याकडील नियमाशी याची तुलना करण्याजोगी आहे. भारतात मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो आणि त्या मतदारसंघाचे मतदार नसलेल्या राजकीय कार्यकर्त्यांना तेथून बाहेर पडावे लागते. अमेरिकेत नेमक्या याच घटकेला बाहेरच्यांच्या बसगाड्या येऊन थडकतात. शेवटचा शनिवार, रविवार, सोमवार आणि मतदानाचा मंगळवार हे तिथल्या परराज्यातील स्वयंसेवकांचे खरे सुगीचे दिवस. आपण ज्याला दबावाचे साधन समजतो, त्याला तो समाज नागरिकाचा हक्क समजतो.

मात्र हक्क आहे म्हणून स्वागत होतेच असे नाही. घरचा मालक दार उघडतो, समोर अनोळखी माणूस उभा, उच्चार वेगळा, गाडीची पाटी दुसऱ्या राज्याची. 'तुम्ही कुठले?' हा पहिला प्रश्न असतो. या प्रश्नाची धार १९६८ सालीच ओळखली गेली होती. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारे सिनेटर यूजीन मॅकार्थी त्या वर्षी विद्यमान अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले. त्यांच्याकडे पैसा नव्हता, पक्षयंत्रणा नव्हती. होती ती पूर्वेकडील महाविद्यालयांतून आठवड्याच्या सुट्टीला धावून येणारी मुले. दाढी वाढवलेला, केस खांद्यावर रुळणारा विद्यार्थी पाहून तिथला गिरणी कामगार दार लावून घेईल, हे उघड होते. तेव्हा मुलांनी दाढ्या उतरवल्या, केस कापले, मुलींनी लांब स्कर्ट घातले. ज्यांना हे मान्य नव्हते, त्यांना आतल्या खोलीत पाकिटांवर पत्ते लिहायला बसवले. या मुलांना 'क्लीन फॉर जीन' असे नावच पडले. १२ मार्चला मॅकार्थी यांना ४२ टक्के मते पडली, तर जॉन्सन यांना ४९. ज्यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेले नव्हते आणि मतदारांना ते हाताने लिहावे लागत होते, त्या जॉन्सन यांचाच हा विजय होता. पण देशाने तो पराभव म्हणून वाचला. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले.

त्या मुलांनी परकेपणा झाकला. डीन यांच्या स्वयंसेवकांनी तो टोपीवर मिरवला. टोपीचा हेतू वाईट नव्हता. एकमेकांना ओळखता यावे आणि उत्साह दिसावा एवढाच तो होता. पण गावात शिरलेल्या शंभर सारख्या टोप्या गावकऱ्याला वेगळेच काही सांगतात. त्यातून आयोवाची निवड पद्धत होती कॉकसची. तेथे गुपचूप मत टाकून घरी जाता येत नसे. थंडीच्या रात्री शाळेत किंवा सभागृहात जमायचे, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सर्वांदेखत उभे राहायचे. ज्या उमेदवाराला ठरावीक किमान, सहसा १५ टक्के, पाठिंबा मिळणार नाही, त्याच्या समर्थकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. ही हलवाहलव म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला हाताला धरून नेण्याचा खेळ. तेथे उपयोगी पडते ती गावातली शिक्षिका, शेतकी संघाचा पदाधिकारी, चर्चमधला ओळखीचा माणूस. ऑस्टिनहून आलेला तरुण मतदाराला सभागृहाच्या दारापर्यंत आणू शकतो. आत त्याला बोलण्याचा अधिकार नाही. केरी यांच्या माणसांनी तेथील माजी सैनिक आणि जुने स्थानिक कार्यकर्ते हाताशी धरले होते, आणि त्या खोल्यांत तेच कामास आले.

डीन हरले ते केवळ टोप्यांमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिक गेपहार्ट यांच्याशी त्यांची जाहिरातींतून जुंपलेली हाणामारी दोघांनाही भोवली. कॉकस पद्धतीवर डीन यांनी काही वर्षांपूर्वी दूरचित्रवाणीवर केलेली टीकाही ऐन वेळी उकरून काढण्यात आली. पण भरतीच्या कामात एक फसवी गोष्ट घडते, ती त्या मोहिमेत स्पष्ट दिसली. माणसे येत आहेत, याद्या फुगत आहेत, देशभरातून हजारो हस्तलिखित पत्रे आयोवाच्या मतदारांना जात आहेत, हे पाहून प्रमुखांना वाटू लागते की मते वाढत आहेत. वाढत असतो तो आपल्याच लोकांचा उत्साह.

पत्रांचा आणखी एक किस्सा त्याच वर्षीचा. ऑक्टोबर २००४ मध्ये 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाने आपल्या वाचकांना ओहायोतील क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रे लिहिण्याचे आवाहन केले. बुश यांना पुन्हा निवडून देऊ नका, असे समजावण्याचा हेतू. तिकडून संतापाची लाट उसळली. तुमचा आमच्या निवडणुकीशी संबंध काय, असा सूर. मोहीम आवरती घ्यावी लागली. २००० मध्ये अल गोर यांच्या बाजूने गेलेली ही काउंटी २००४ मध्ये बुश यांच्या पारड्यात पडली. त्याला पत्रेच कारणीभूत ठरली असे सिद्ध करता येणार नाही, पण त्या पत्रांनी कोणाचे मत बदलल्याचेही दिसले नाही.

ओहायोचा निकाल एकूणच बोलका आहे. डेमोक्रॅट्सच्या बाजूने तेथे 'अमेरिका कमिंग टुगेदर' या संस्थेने पगारी प्रचारकांची मोठी फौज उभी केली. जोडीला शेजारच्या राज्यांतून स्वयंसेवक आले. केरी यांना तेथे चार वर्षांपूर्वीच्या गोर यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते मिळाली. म्हणजे यंत्रणा फसली नव्हती. पण रिपब्लिकनांनी आपली शेवटच्या ७२ तासांची योजना स्थानिक स्वयंसेवकांवर, त्याच वस्तीत राहणाऱ्या आणि त्याच चर्चमध्ये जाणाऱ्या माणसांवर बांधली होती. त्यांची मतेही तितकीच वाढली, आणि सुमारे १ लाख १८ हजारांच्या फरकाने ओहायो व त्याबरोबर अध्यक्षपद बुश यांच्याकडे राहिले.

या दोन्ही धड्यांचा अभ्यास करूनच बराक ओबामा यांची माणसे २००७ मध्ये आयोवात गेली. त्यांनी बाहेरच्यांना टाळले नाही. उलट त्यांचे अनेक तरुण संघटक परराज्यातलेच होते. फरक होता मुदतीत आणि हुद्द्यात. हे तरुण शेवटच्या आठवड्यात नव्हे, तर कितीतरी महिने आधी आले. छोट्या गावांत खोल्या घेऊन राहिले. तिथल्या हॉटेलात जेवले, शाळेच्या सामन्यांना गेले. मतदाराला पटवणे हे त्यांचे काम नव्हते. त्यांचे काम होते गावातला असा माणूस हुडकणे, जो आपल्या शेजाऱ्यांना पटवू शकेल, आणि त्याला मतदान केंद्राचा प्रमुख करणे. सेझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत सोळा वर्षे काढून पुढे हार्वर्डमध्ये शिकवू लागलेले मार्शल गान्झ यांनी 'कॅम्प ओबामा' या शिबिरांत हाच मंत्र दिला होता: उमेदवाराचे गुणगान करण्याआधी स्वतः येथे का आलात, ते सांगा. शिकागोहून शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्या होत्याच. पण त्या गाड्यांतील माणसे स्थानिक प्रमुखाच्या हाताखाली, त्याने दिलेल्या गल्लीत फिरत. ३ जानेवारी २००८ ला ओबामा ३८ टक्के मिळवून पहिले आले. २००४ मध्ये सुमारे १ लाख २४ हजार डेमोक्रॅट्स कॉकसला आले होते. या वेळी तो आकडा जवळजवळ २ लाख ४० हजारांवर गेला.

संशोधनाचा कौलही साधारण याच दिशेचा आहे. ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात सुमारे तीस हजार मतदारांवर प्रयोग केला. ज्यांची समक्ष भेट झाली, त्यांचे मतदान आठनऊ टक्क्यांनी वाढले; दूरध्वनीचा मात्र काहीच लाभ दिसला नाही. घरोघरच्या प्रचाराला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती या प्रयोगामुळे. पुढे एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, असे आढळले की त्याच परिसरात राहणाऱ्या प्रचारकाचा प्रभाव बाहेरच्यापेक्षा अधिक पडतो. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेऊन त्याहून कडू निष्कर्ष काढला: सार्वत्रिक निवडणुकीत अशा भेटींनी कोणाला मत द्यायचे हा विचार सरासरीने बदलतच नाही. म्हणजे समोरच्याचे मन वळवण्यासाठी दोनशे मैल जाणे बहुतांशी व्यर्थ. आपल्याच मताच्या, पण आळशी किंवा कामात बुडालेल्या माणसाला मतदानाची जागा आणि वेळ सांगून उठवणे, हे मात्र परका माणूसही चोख करू शकतो. जाणते संघटक बाहेरच्याला म्हणूनच तेवढेच काम देतात आणि दारात वाद घालू नका, अशी तंबी देऊन पाठवतात. वाद घालण्याच्या हौसेने आलेल्यांचा यात विरस होतो, हेही खरे.

रिपब्लिकनांनीही पुढे हा मार्ग चोखाळला. जानेवारी २०१६ मध्ये टेड क्रूझ यांच्या मोहिमेने डे मॉइन शहरात एक जुने वसतिगृह भाड्याने घेऊन परराज्यातील स्वयंसेवकांची सोय केली. 'कॅम्प क्रूझ' असे त्याला म्हणत. क्रूझ यांनी ट्रम्प यांना मागे टाकत तो कॉकस जिंकला. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे बायडेन यांच्या मोहिमेने ऑक्टोबर उजाडेपर्यंत घरोघरी जाणे बंदच ठेवले. दूरध्वनी आणि लघुसंदेश यांवरच भिस्त होती आणि त्यांना राज्याची सीमा नसते. आयोवाचे महत्त्वही ओसरले. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने त्या राज्याचा पहिल्या कौलाचा मान काढून घेतला.

काही कामे मात्र बाहेरच्याला करताच येत नाहीत. पेनसिल्व्हेनियात मतदान केंद्रात बसणारा उमेदवाराचा प्रतिनिधी, आपल्या भाषेत पोलिंग एजंट, हा त्याच काउंटीचा नोंदणीकृत मतदार असावा लागतो. २०१६ मध्ये रिपब्लिकनांनी या अटीला न्यायालयात आव्हान दिले, पण ते टिकले नाही. न्यूयॉर्कहून आलेला वकील असो की डॉक्टर, त्याने बाहेर थांबायचे, वृद्धांना गाडीतून आणायचे, रांगेतल्यांना पाणी द्यायचे आणि तेही त्या राज्याच्या नियमांत बसत असेल तर.

परदेशी नागरिकाचे काय, हा प्रश्न २०२४ मध्ये ऐरणीवर आला. ब्रिटनच्या मजूर पक्षाचे काही आजी-माजी कर्मचारी कमला हॅरिस यांच्या प्रचारासाठी अमेरिकेला जात असल्याचे उघड होताच ट्रम्प यांच्या मोहिमेने संघीय निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. आक्षेपाचे मूळ होते, त्यांच्या राहण्याची सोय करू, या आश्वासनात; कारण कायदा परदेशी माणसाच्या पैशाला मज्जाव करतो, बिनपगारी श्रमाला नाही. त्याने देणगी द्यायची नाही, खर्च करायचा नाही, मोहिमेच्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही. फुकट राबायचे असेल तर राबावे.

हा नियम अमेरिकेतील हजारो मराठी घरांना थेट लागू होतो. न्यू जर्सीच्या एडिसनमधून डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया तासाभराच्या आत येते. त्या गावात एकाच घरात नागरिकत्व मिळालेला मोठा भाऊ, ग्रीन कार्डवरची वहिनी आणि एच-१बी व्हिसावरचा धाकटा दीर असे तिघे असू शकतात. भावाला मत आहे, पण ते न्यू जर्सीत, म्हणजे कौल बहुधा आधीच ठरलेल्या राज्यात. वहिनीला मत नाही, पण कायद्याने देणगी देता येते. धाकट्याला दोन्ही नाही. शनिवारी सकाळी गाडीत बसून नदीपलीकडे जाण्याची मुभा मात्र तिघांनाही सारखीच आहे. फक्त दार उघडल्यावर 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाला धाकट्याला उत्तर द्यायला इतरांपेक्षा थोडा अधिक वेळ लागेल.